पोटातले साक्षीदार

"मेलेत," डॉ. इनामदार म्हणाल्या. "जवळजवळ सगळे."

 हर्षलाच्या मांडीवर तिचा तान्हा ओजस होता. नुकतंच त्याच्या टाचेतून रक्त काढलं होतं. रडून रडून लाल झालेलं तोंड दुपट्याच्या कोपऱ्यात खुपसून तो चुटूचुटू चोखत होता. बाहेर निघताना ती नेहमी हेच दुपटं घ्यायची. तिच्या आईने पाठवलेल्या कापडी पिशवीत ते वेगळं ठेवलेलं असायचं. त्याला माहेरच्या कपाटाचा वास होता. ओजसला तो वास आला की तो गप्प व्हायचा.

"मेलेत म्हणजे? गेल्या वेळी तर तुम्ही म्हणालात, विरजण छान लागलंय."

"लागलं होतं. त्यानंतर त्याच्या पोटात काहीतरी गेलं." डॉक्टरांनी संगणकाचा पडदा तिच्याकडे वळवला. "वेखंड. बाळाला कोणी गुटी देतं का घरात?"

बाहेरच्या बोळातला फलक मधाळ आवाजात बोलत होता. रुग्ण समोरून गेला की तो त्याच्यापुरती वाक्यं म्हणायचा. आपल्याला आपल्या आजाराची संपूर्ण माहिती मिळण्याचा हक्क आहे. आपल्याला दुसरं मत घेण्याचा हक्क आहे. आपल्याला उपचार नाकारण्याचा हक्क आहे. मग जरासं थांबून, आवाजाची गोडी तशीच ठेवून: खरी माहिती देणं ही आपली जबाबदारी आहे. पहिल्या भेटीत हर्षलाला ते ऐकून बरं वाटलं होतं. कुणीतरी आपल्याला माणसात धरतंय, असं. आता ते दाराच्या फटीतून आत येत होतं आणि तिला फक्त शेवटचं वाक्य ऐकू येत होतं.

ओजसच्या यकृतात एक एन्झाइम जन्मापासून नव्हतं. आपण खातो त्या प्रथिनांपासून शरीरात अमोनिया तयार होतो. यकृत त्याचा युरिया करून लघवीवाटे बाहेर काढून टाकतं. ओजसच्या यकृताला ते जमत नव्हतं. अमोनिया रक्तात साठायचा आणि रक्तातून मेंदूत जायचा. जन्मल्यावर पहिल्याच आठवड्यात तो दूध प्यायचा थांबला, मग रडायचा थांबला. शहाणं बाळ आहे हो, असं शेजारच्या बायका कौतुकाने म्हणत असतानाच तो बेशुद्धीत चालला होता. तेव्हापासून मोजून मापून दूध, कडू औषधं आणि टांगती तलवार. साधी सर्दी झाली तरी अमोनिया उसळायचा. प्रत्येक उसळी मेंदूतून काहीतरी घेऊन जायची, आणि काय नेलं ते महिन्यांनी कळायचं.

मिरजेच्या या दवाखान्यात त्यावर नवा इलाज होता. अमोनिया खाऊन जगणारे जिवाणू. प्रयोगशाळेत घडवलेले, त्या त्या बाळाच्या आतड्याशी जुळवून वाढवलेले. एकदा पोटात लागले की तिथेच राहून यकृताचं अर्धं काम आपल्या अंगावर घ्यायचे. बाळांच्या आयांनी त्याला विरजण नाव ठेवलं होतं आणि पुढे डॉक्टरही तेच म्हणू लागले. विरजण मोठं नाजूक होतं. ते मुद्दामच तसं घडवलं होतं, म्हणजे बाळाच्या पोटाबाहेर पडलं की मरावं, गटारीत, नदीत पसरू नये. पण त्यामुळेच ज्याने साधे जिवाणू बधत नाहीत, अशा जराशा गोष्टीनेही हे जिवाणू मरायचे. ज्या देशांत ते घडवले तिथे हजार पदार्थांवर त्यांची परीक्षा झाली होती. त्या देशांत वेखंड कुणी पाहिलेलं नव्हतं.

आणि त्या जिवाणूंना एक सवयही लावलेली होती. निसर्गात जिवाणूवर विषाणू चालून आला की जिवाणू त्याचा एक तुकडा कापून आपल्या डीएनएत जपून ठेवतो, पुन्हा गाठ पडली तर ओळख पटावी म्हणून. शास्त्रज्ञांनी तीच खोड वापरली. पोटात काहीही परकं आलं की हे जिवाणू आपल्या डीएनएत एक खूण जोडत. माळेत मणी ओवावेत तशा खुणांमागून खुणा. लंगोटातली चिमूटभर शी यंत्रात घातली की माळ उलगडायची. काय आलं, कधी आलं, सगळं त्यात असायचं. कुणी दिलं, तेवढं मात्र नसायचं.

"ते तुम्ही सांगायचं," डॉ. इनामदार म्हणाल्या. त्या वाईट नव्हत्या, हेच अवघड होतं. "हर्षला, विरजण कमी आहे. रांगेत बाळं आहेत. त्यांनाही हक्क आहे. ज्या घरात पुन्हा मरेल त्या घरात मला दुसऱ्यांदा देता येत नाही. कारण कळलं आणि ते दूर झालं, तर एकदा देता येतं. एकदाच. तिसऱ्यांदा बाळाचं शरीरच त्याला टिकू देत नाही."

"मी सांगते," हर्षला म्हणाली. तिला सांगायला शोधायची गरजच वाटत नव्हती.

सासूबाई विट्याहून आल्या तेव्हा त्यांच्या पिशवीत सहाण होती आणि गुटीची डबी. "विश्वजित याच्यावर वाढला," त्या कौतुकाने म्हणाल्या होत्या. हर्षलाने डबी उघडूनही न बघता वरच्या फडताळात टाकली होती, सहाण तिच्यामागे. सासूबाईंनी हूं की चूं केलं नव्हतं. तेच तिला खटकलं होतं. ती एम.एस्सी. झालेली होती, घरातला प्रत्येक चमचा उकळून घेत होती, ओजसच्या श्वासांवर कान लावून बसत होती. गप्प बसणाऱ्या माणसाचा तिला भरवसा वाटत नव्हता.

सांगलीला घरी आल्याबरोबर तिने स्टूल ओढलं. फडताळातली सहाण मागे नव्हती. पुढे होती. आणि ओली होती.

"अहो आई, ही कुणी काढली?"

सासूबाई गॅलरीत मेथी निवडत बसल्या होत्या. कपाळावर पांढुरका लेप वाळलेला. "मी काढली. सुंठ उगाळली. डोकं लई चढलं होतं सकाळपासनं."

"सुंठ."

"सुंठच. बघ की कपाळाला."

"आणि ओजसला काय उगाळून दिलंत?"

त्यांच्या हातातली जुडी तशीच राहिली. "मी न्हाई दिलं काही."

"त्याच्या पोटात वेखंड सापडलंय! मशीन खोटं बोलतं का?"

"मशीन कशाला खोटं बोलंल? पर मी बी न्हाई बोलत."

"मग काय आकाशातनं पडलं वेखंड?"

विश्वजित कामावरून आला तोवर हर्षलाने गुटीची डबी कचऱ्याच्या गाडीत टाकून दिली होती. दारातच त्याला वारा लागला. "हर्षू, आधी पाणी तरी दे गं."

"तुझ्या आईला विचार."

"पाणी?"

"विश्वजित, विनोद करू नकोस."

त्याने आईकडे पाहिलं. आईने त्याच्याकडे पाहिलं. त्याने बूट काढायला उगाच वेळ लावला. "आई, दिलं असशील तर सांगून टाक. कुणी काही म्हणणार नाही तुला."

"पोरा, तू बी?" एवढंच त्या म्हणाल्या आणि मेथीची ताटली उचलून आत गेल्या.

 जेवताना हर्षलाने पुन्हा सगळं समजावून सांगितलं. कारण सांगितलं तर दुसरं विरजण मिळेल, नाही तर नाव कटेल. सासूबाई भाकरीचा तुकडा आमटीत बुडवून तसाच धरून बसल्या होत्या. "म्हणजे कुणीतरी हो म्हणायला पायजे," त्या म्हणाल्या.

"जे खरं ते म्हणायला पाहिजे."

"व्हय, तेच."

पुढच्या खेपेला त्या स्वतःहून बरोबर आल्या. इरकल नेसून, चष्मा पुसून. फलक त्यांना पाहून थबकला, कारण त्या कुठल्याच रुग्णाच्या नोंदीत नव्हत्या, आणि मग सगळ्यांसाठीचं वाक्य बोलला: आपल्याला सन्मानाने वागवलं जाण्याचा हक्क आहे. "बरं झालं बाई सांगितलंस," सासूबाई त्याला म्हणाल्या. हर्षलाला हसू आलं आणि हसू आल्याचा रागही आला.

आत गेल्यावर त्यांनी डॉक्टरांना सांगितलं, "मीच दिलं. एकदा न्हाई, बऱ्याचदा. सून कामात असताना. माझी चूक झाली. पोराला शिक्षा नको."

डॉ. इनामदारांनी त्यांच्याकडे थोडा वेळ पाहिलं. "किती उगाळायचात?"

"थोडं थोडं," सासूबाई म्हणाल्या.

डॉक्टरांनी मान डोलावली. त्यांना उत्तर हवं होतं आणि ते मिळालं होतं. हर्षलालाही. कितीतरी दिवसांनी तिला मोकळा श्वास आला. आपल्याला वेड लागलेलं नाही, आपली नजर बरोबर होती, हे कळण्याचं सुख फार वाईट असतं. ती त्या सुखात सासूबाईंकडे बघायचंच विसरली.

डॉक्टरांची एक अट होती. विरजण दिल्यावर सासूबाईंनी घरात राहायचं नाही. विश्वजित त्यांना विट्याच्या बसमध्ये बसवून आला. जाताना त्यांनी ओजसच्या पायाला हात लावला. तोंडाला नाही. आपला हात कुठे लागला त्यावरून पुढे काही निघायला नको, इतकी काळजी त्यांनी घेतली. हर्षला दारात उभी होती. "पोचल्यावर फोन करा," ती म्हणाली. कुणालाही म्हणतो तसं.

दुसरं विरजण लागलं.

आणि मग जे दिवस आले ते हर्षलाला पुढे आयुष्यभर आठवणार होते. ओजसने मान धरली. तो पालथा पडायला लागला, आणि पडला की स्वतःच दचकून हसायचा. पंख्याकडे बघून त्याने लांबलचक भाषण ठोकलं. विश्वजितने ते मोबाईलवर घेतलं आणि विट्याला पाठवलं. तिकडून उत्तर आलं, मामलेदार होणार गं हा. हर्षला ते वाचून हसली. फोन करू, असं तिच्या मनात आलं. मग दूध तापवायची वेळ झाली.

घरात आता तिच्याशिवाय कुणी नव्हतं. चमचे उकळलेले, फरशी पुसलेली, शेजारणींना दाराबाहेरूनच नमस्कार. ओजसला दवाखान्याशिवाय बाहेर न्यायचंच नाही, असा नियम होता आणि तिने तो पाळला. दवाखान्यात टाचेला सुई टोचली की तो किंचाळायचा. मग ती पिशवीतून बाहेरचं दुपटं काढायची. कोपरा तोंडात गेला की तो उसासे टाकत शांत व्हायचा. नर्स म्हणायची, "ह्याचं दुपटं म्हणजे अर्धी भूल आहे हो."

त्या दिवशीही तो तसाच शांत झाला होता. डॉ. इनामदार पडद्यावरची माळ पुन्हा पुन्हा वर-खाली सरकवत होत्या.

हर्षलाला कळलं. ज्याची भीती अहोरात्र वाटते ते समोर आलं की कळायला वेळ लागत नाही.

"परत?"

"परत," डॉक्टर म्हणाल्या. "वेखंडच."

"पण त्या तर विट्याला आहेत! कुणी आलेलं नाही. देवाशप्पथ कुणी आलेलं नाही. मी एकटी असते."

"मी तुमच्यावर..."

"मी एकटीच असते, डॉक्टर!"

डॉ. इनामदारांनी खुर्ची तिच्याजवळ ओढली. पडद्यावर माळ उलगडलेली होती, बारीक ठिपक्यांची रेघ. मध्येमध्ये एकेक ठिपका तांबडा. "हे दिवस बघा. रोज नाहीये. मध्येच एखाद्या दिवशी. आणि हे..." त्यांनी दुसरी रेघ खाली ओढून आणली, दवाखान्याच्या भेटींची. ठिपके एकाखाली एक बसले. "तुम्ही इथे येता, त्याच दिवशी."

"म्हणजे इथेच कुणी देतं?"

"मला तेच वाटलं. म्हणून मी काल पहिली माळ परत काढली." त्यांचा आवाज खाली आला. "तिच्यातही हेच होतं. भेटीचेच दिवस. तेव्हा आपण पुढे पाहिलं नाही. आपल्याला उत्तर मिळालं होतं ना."

हर्षलाने मांडीकडे पाहिलं. ओजसचे डोळे मिटत आले होते. ओठ हलत होते. दुपट्याचा कोपरा ओला, गडद, त्याच्या मुठीत.

तिने वाकून त्या दुपट्याचा वास घेतला. माहेरचं कपाट. उग्र, मातकट, थोडासा गोड. लहानपणी त्या कपाटात लपून बसली की हाच वास. आईच्या साड्यांचा वास, असं तिला वाटायचं. साड्यांना वास नसतो. तिने पिशवीत हात घातला. तळाशी, अस्तराच्या आत, चिंधीची एक पुरचुंडी तिच्या बोटांना लागली. कपड्यांना कसर लागू नये म्हणून आई सगळ्यातच ठेवायची. ट्रंकेत, गादीत, बाळंतविड्याच्या पिशवीत. आईला कुणी विचारलं नव्हतं आणि आईने सांगितलं नव्हतं, कारण जेवणातल्या मिठाबद्दल कुणी काही सांगतं का? गाठ सुटली. आत कसलेतरी वाळलेले, गाठीगाठींचे तुकडे होते.

"हे काय आहे?" तिने विचारलं. एम.एस्सी. झालेल्या हर्षलाने आयुष्यात वेखंड कधी ओळखीने पाहिलं नव्हतं.

डॉक्टरांनी एक तुकडा नाकाशी नेला. उत्तर द्यायची गरज पडली नाही.

तिने सासूबाईंची पिशवी उपसली होती, फडताळ उपसलं होतं, तेव्हाच्या कामवालीची नखं बघितली होती. आईने पाठवलेल्या पिशवीकडे संशयाने बघायचं असतं हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

"तिसरं नाहीच का?" तिने विचारलं. विचारायचं म्हणून.

"नाही."

"दुसरं मत घेतलं तर?"

"तुमचा हक्क आहे. मी स्वतः नावं देईन. तेही नाहीच म्हणतील."

"आणि तक्रार?"

"तोही हक्क आहे," डॉ. इनामदार म्हणाल्या. "करा. माझ्याविरुद्ध करा. मी पहिली माळ नीट पाहायला हवी होती."

हर्षलाने मान हलवली. त्याचा अर्थ हो की नाही, ते तिलाही माहीत नव्हतं. आता पुन्हा मोजून मापून दूध. पुन्हा सर्दीची भीती. प्रत्येक उसळीबरोबर काहीतरी जाणार. पंख्याशी बोलणं जाईल आधी, की हसणं? की मान?

"एक विचारू का?" डॉक्टर म्हणाल्या. "हे दुपटं आम्हाला द्याल? तपासायला. कापडातून इतकं उतरतं हे कुणालाच माहीत नाही. पुढच्या बाळांसाठी काय टाळायचं, ती यादी बदलेल." मग घाईने, "नाकारण्याचा हक्क आहे तुम्हाला."

आजवर त्यांनी जे जे मागितलं त्याला ती हो म्हणाली होती. सुया, नमुने, जिवाणूंनी सगळं लिहून ठेवायचं, त्यालाही. एकदाही तिने विचारलं नव्हतं की ते आणखी काय सांगतील.  बोळात फलक दुसऱ्या कुणाच्या तरी आईशी बोलत होता.

"कात्री आहे?"

नर्सने कात्री दिली. ओजस चोखत होता तो कोपरा तिने मुठीत धरला आणि समोरचा कोपरा कापला. जुनं कापड होतं, कात्री न लावताही फाटलं असतं. तेवढा तुकडा तिने टेबलावर ठेवला. उरलेलं पुन्हा त्याच्याभोवती गुंडाळलं.

बाहेरच्या बाकावर बसून तिने विट्याला फोन लावला.

"कोण, हर्षला? पोरगं बरं हाय न्हवं?"

"अहो आई," ती म्हणाली. तिकडे कुकरची शिट्टी झाली. सासूबाई थांबून राहिल्या. त्यांना थांबता येत होतं. मग तिने सांगितलं. पिशवी, पुरचुंडी, दुपटं. विरजण गेल्याचं तिने सगळ्यात शेवटी सांगितलं.

"तुम्ही दिलं नव्हतं," ती म्हणाली. "मग हो का म्हणालात?"

"कुणीतरी म्हणायला पायजे होतं. न्हाईतर त्याला औषध मिळालं नसतं. तूच म्हणालीस."

"हो."

"मला काय, जिवाला लावून घ्यायला उरलंय काय? म्हटलं, पोराला मिळू दे. तुझा राग निवला की येईन परत." त्या थांबल्या. आता त्यांचा आवाज पहिल्यांदाच बदलला. "हर्षला. म्हंजे मी तसं बोलले नसते तर... तुम्ही अजून शोधलं असतं? सापडलं असतं हे, आधीच?"

फलकासमोरून एक बाई तान्हं बाळ घेऊन चालली होती. नवीन होती. थांबून, मान वर करून, लक्ष देऊन ऐकत होती. खरी माहिती देणं ही आपली जबाबदारी आहे.

"नाही हो," हर्षला म्हणाली. "नसतं सापडलं. तुमचा काही संबंध नाही."

"खरं सांग."

"खरंच."

  मांडीवर ओजस चाळवला, ओठ मुरडून रडायच्या बेतात आला. हर्षलाचा हात सवयीने दुपट्याकडे गेला आणि तिथेच थांबला.

"रडतोय का गं?" सासूबाईंनी विचारलं.

"दुपटं मागतोय."

"मग दे की."

"त्यात वेखंड आहे, अहो आई."

"आता मरायचं काय राहिलंय त्याच्या पोटात?" सासूबाई म्हणाल्या. "दे त्याला. झोपू दे."

तिने कोपरा त्याच्या ओठांशी नेला. त्याने तो डोळे न उघडताच पकडला.